जित्याची खोड

मराठी भाषेत सवयींविषयी ज्या म्हणी रूढ आहेत, त्यांपैकी पुष्कळशा निराशेच्या आहेत. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण तर लहानथोर सर्वांच्या तोंडी असते. ‘सुंभ जळाला, तरी पीळ जात नाही’ ही तिचीच धाकटी बहीण. या म्हणींत अनुभवाचा अंश मुळीच नाही, असे कोण म्हणेल? वाईट सवय सोडू पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला प्रयत्न फसतो, हे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. परंतु म्हण जशी अनुभवाचे सार सांगते, तशीच ती कधी कधी आळसाला आधारही देते. आपली खोड आता जावयाची नाही, असे एकदा मनाने घेतले, म्हणजे ती घालविण्याचा प्रयत्न करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून ही म्हण कितपत खरी आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. खोड जाते, मात्र ती नुसत्या निश्चयाने जात नाही, स्वतःला दूषणे देऊनही जात नाही. ती युक्तीने, धीराने आणि सोबतीने जाते.

सवय म्हणजे काय, हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात तेरणा नदीच्या परिसरात माकणी हे गाव आहे. माकणीत काय किंवा मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही खेड्यात काय, भर दुपारी शेताच्या बांधावर एक दृश्य हमखास दिसते. सकाळपासून राबलेली माणसे झाडाखाली बसून भाकरी खातात. भाकरी संपते, पाणी पिऊन होते आणि कोणाच्या तरी कमरेची चंची सुटते. तळहातावर तंबाखू येते, बोटाने चुना लावला जातो, अंगठा ती मळू लागतो. या सर्व काळात बोलणे चाललेले असते ते पावसाचे, तुरीच्या भावाचे, नाही तर लेकीच्या लग्नाचे. हात काय करीत आहे, याकडे त्या माणसाचे लक्षही नसते. तंबाखूचा बार ओठाखाली केव्हा गेला, असे त्याला विचारले, तर ते त्याला सांगता येणार नाही.

याच माणसाने पहिल्यांदा तंबाखू खाल्ली, तेव्हा बहुधा त्याचे डोके गरगरले असेल आणि पोटात ढवळले असेल. शरीराने त्या वेळी स्पष्ट नकार दिला होता. परंतु पुन्हा पुन्हा तीच गोष्ट केल्याने शरीराचा विरोध मावळला, मनाचे लक्ष उडाले आणि जे एके काळी मन करीत होते, ते आता हात आपण होऊन करू लागला. सवयीचे सारे सामर्थ्य यातच आहे. ती माणसाला विचार करू देत नाही, म्हणूनच तिच्याशी वाद घालून उपयोग होत नाही.

मनुष्याला ही शक्ती लाभली, यात वाईट असे काही नाही. पहिलीतले मूल एकेक अक्षर कष्टाने गिरविते. सातवीत आल्यावर तेच मूल अक्षरांचा विचार न करता निबंध लिहिते. नांगराचे तास सरळ धरणे, सायकल चालविणे, भाकरी थापणे या साऱ्या गोष्टी सवयीनेच साध्य होतात. प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकावे लागले असते, तर माणसाला दिवसाकाठी घराचे अंगणही ओलांडता आले नसते. सवय ही चाकरासारखी आहे. सांगितलेले काम ती इमानाने करते; पण काम चांगले की वाईट, हे मात्र ती विचारीत नाही.

बारकाईने पाहिले, तर प्रत्येक सवयीला तीन कड्या असतात: आधी एखादे निमित्त, नंतर कृती आणि शेवटी समाधान. जेवण झाले हे निमित्त, तंबाखू मळणे ही कृती आणि विसावा मिळाल्याची भावना हे समाधान. अवघड गणित समोर आले हे निमित्त, मोबाइल हाती घेणे ही कृती आणि कंटाळ्यातून घटकाभर सुटका हे समाधान. नखे खाणारे मूल, अभ्यास उद्यावर ढकलणारा विद्यार्थी, चिडला की भांडी आपटणारा गृहस्थ, या सर्वांच्या सवयी वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांची ठेवण एकच असते.

या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांची किंमत कधी कधी फार मोठी असते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आज निर्विवाद सिद्ध झालेले आहे. देशभर झालेल्या पाहणीनुसार २००९-१० मध्ये महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३१.४ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण २६.६ टक्क्यांवर आले. यांतील बहुतेक लोक तंबाखू ओढणारे नव्हेत, तर ती खाणारे वा मिसरीच्या रूपाने दातांना लावणारे होते. चारांपैकी एकाहून अधिक माणसे या सवयीत सापडलेली असावीत, ही चिंतेची गोष्ट खरी. परंतु सात वर्षांत हे प्रमाण जवळजवळ पाच टक्क्यांनी उतरले, हेही तितकेच खरे आहे. जित्याची खोड जातच नसती, तर हा आकडा असा खाली आला नसता.

मग सवय सोडू पाहणारी इतकी माणसे अपयशी का होतात? पाडव्याच्या दिवशी अनेक जण काही ना काही संकल्प करतात. त्या दिवशी मनात उत्साह असतो, घरात गोडधोड असते आणि निश्चय पहाडासारखा अढळ वाटतो. चार दिवसांनी तीच दुपार येते, तेच झाड, तेच सोबती, तीच चंची. निमित्त जसेच्या तसे उभे राहते आणि पाडव्याचा संकल्प त्या वेळी जवळ नसतो. थकलेल्या, रागावलेल्या किंवा कंटाळलेल्या माणसाचा निश्चय दुबळा होतो. आणि वाईट सवय तर नेमकी अशाच वेळी हाक मारते. संकल्प करणारा मनुष्य खोटा नसतो; त्याने केलेली तयारी अपुरी असते.

या तयारीचा पहिला भाग म्हणजे आपल्या सवयीची नीट ओळख करून घेणे. ती केव्हा येते, कोठे येते, कोणाच्या संगतीत येते आणि तिच्यापासून मिळते तरी काय, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. अठराव्या शतकातील अमेरिकेचे मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी असाच उपाय योजिला होता. त्यांनी मितभाषण, व्यवस्थितपणा, उद्योगशीलता असे १३ गुण निवडले आणि एका लहानशा वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले. पानावर वारांचे सात रकाने आखले. रोज रात्री दिवसाची झडती घ्यावयाची आणि जेथे चूक झाली असेल, तेथे काळा ठिपका द्यावयाचा, असा त्यांचा नेम होता. एका आठवड्यात एकाच गुणाकडे ते विशेष लक्ष देत. अशा रीतीने १३ आठवड्यांत एक आवर्तन पुरे होई आणि वर्षात चार आवर्तने होत. फ्रँकलिन यांना व्यवस्थितपणा शेवटपर्यंत पूर्णपणे साधला नाही, हे त्यांनीच आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. पण या प्रयत्नाने आपण पूर्वीपेक्षा चांगले आणि सुखी झालो, असेही त्यांनी नमूद केले आहे. सर्व दोष एकाच दिवशी घालविण्याचा हव्यास त्यांनी धरला नाही, यातच त्यांचे शहाणपण होते.

ओळख पटली, की दुसरी गोष्ट करावयाची ती म्हणजे सवय आणि आपण यांमध्ये अंतर निर्माण करणे. जी वस्तू हाताशी असते, तिच्याकडे हात जातो. जी उठून आणावी लागते, तिच्याकडे जाताना विचाराला सवड मिळते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली, ती याच तत्त्वावर. शाळेच्या फाटकासमोर टपरी असली, तर मुलांचा निश्चय रोज दोनदा कसाला लागतो. टपरी दूर गेली, की तो कस लागण्याचे प्रसंगच कमी होतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. बंदीनंतरही गुटख्याची चोरटी विक्री होतच राहिली, यावरून केवळ कायद्याने सवयी सुटत नाहीत, हेही दिसून येते. म्हणून शासनाने जे अंतर गावात निर्माण करावयाचे, ते प्रत्येकाने आपल्या घरातही निर्माण केले पाहिजे. चंची शेतावर न्यावयाचीच नाही, असे ठरविणे हे ‘तंबाखू खाणार नाही’ असे म्हणण्यापेक्षा सोपे आहे. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणारा विद्यार्थी, तो शेजारी पालथा ठेवून स्वतःशी झुंजणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आणि ती शिकण्यास माकणीच्या परिसरासारखे दुसरे ठिकाण नाही. गावाजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. धरण म्हणजे पाणी अडविणारी एक भिंत, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु वाहत्या नदीपुढे नुसती भिंत घातली, तर पाणी तुंबते, चढत जाते आणि अखेर भिंतीवरून किंवा भिंत फोडून निघून जाते. म्हणूनच धरण बांधणारे लोक भिंतीइतकाच पाण्याच्या वाटेचाही विचार करतात. जादा पाण्यासाठी सांडवा ठेवतात आणि शेतांसाठी कालवे काढतात. पाणी अडविले जाते, ते त्याला नवी वाट देण्यासाठी.

मनाच्या ओढीचेही असेच आहे. वाईट सवय बंद केली आणि तिची जागा मोकळी ठेवली, तर ती ओढ तुंबते आणि एखाद्या दिवशी बांध फुटतो. त्या सवयीने जे समाधान मिळत होते, ते निर्दोष मार्गाने कसे मिळेल, हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे. जेवणानंतर तोंडात काहीतरी हवे असेल, तर बडीशेप, लवंग किंवा मूठभर फुटाणे जवळ ठेवावेत. मिसरी लावणाऱ्या स्त्रीला पहाटेची ती घटकाच काय ती दिवसभरात स्वतःची म्हणून मिळत असते. तिची मिसरी सोडवावयाची, तर साधी दंतमंजनाची डबी हाती देऊन भागणार नाही, तिच्या वाट्याची ती निवांत घटकाही घरच्यांनी राखून ठेवली पाहिजे. बांधावरच्या माणसाला तंबाखूपेक्षा सोबत्यांच्या गप्पाच अधिक प्रिय असण्याचा संभव आहे. असे असेल, तर त्याने गप्पा सोडू नयेत, फक्त चंची सोडावी. तंबाखूची तलफ येते तेव्हा ती असह्य वाटते. पण तीही काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पिण्यात, चार पावले चालण्यात किंवा हाताला दुसरे काम देण्यात घालविला, तर लाट डोक्यावरून निघून जाते.

एवढे करूनही एखादे दिवशी पाय घसरतोच. त्या वेळी काय करावे, याविषयी विचारवंतांत थोडा मतभेद दिसतो. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सवयींवर एक प्रकरण लिहिले आहे. नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. कष्टाने गुंडाळलेला सुताचा गुंडा हातातून एकदा निसटला, तर पुष्कळ वेढे एकदम उलगडतात, असा दृष्टान्त त्यांनी दिला आहे. याउलट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळा अनुभव आला. त्यांनी ९६ जणांना दररोज एखादी साधी चांगली गोष्ट ठरलेल्या वेळी करावयास सांगितली होती. ती अंगवळणी पडण्यास सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवसही लागतील, असा हिशेब निघाला. मध्येच एखादा दिवस चुकला, म्हणून आधीची कमाई वाया गेली, असे मात्र आढळले नाही.

या दोन मतांत वरवर विरोध दिसला, तरी सवय सोडणाऱ्याला दोन्हींचा उपयोग आहे. पाय घसरण्यापूर्वी जेम्स यांचे ऐकावे. घसरल्यानंतर लंडनच्या संशोधकांचे ऐकावे. ‘आजच्या दिवस चालेल’ हे वाक्य मनात आले, की सुताचा गुंडा आठवावा. आणि चूक होऊनच गेली, तर ‘आता सगळेच संपले’ असे म्हणून चंची पुन्हा कमरेला लावू नये; दुसऱ्या दिवशी सकाळपासून पहिलाच नेम पुढे चालू करावा. एका चुकीने जेवढी हानी होते, त्यापेक्षा त्या चुकीनंतरच्या निराशेने कितीतरी अधिक होते. शिवाय ६६ हा आकडा म्हणजे काही मुहूर्त नव्हे. तो एवढेच सांगतो, की या कामाला चार दिवस पुरत नाहीत, महिने लागतात.

शेवटचा उपाय सोबतीचा. वाईट सवयी बहुधा संगतीने लागतात. त्या सोडतानाही संगतच कामी येते. महात्मा गांधींनी बालपणी नातेवाइकाच्या सोबतीने विड्या ओढल्या आणि त्यांसाठी नोकरांच्या खिशांतील पैसे चोरले. पुढे भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडाही त्यांनी चोरला. ही गोष्ट मनाला डाचू लागली, तेव्हा त्यांनी एका चिठ्ठीत सारा अपराध लिहिला, शिक्षा मागितली, पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले आणि ती चिठ्ठी आजारी वडिलांच्या हाती ठेवली. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. ते रागावले नाहीत. हा प्रसंग गांधींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. मनातल्या मनात केलेला संकल्प मोडला, तर तो मोडल्याचे कोणाला कळत नाही. विश्वासाच्या माणसाजवळ बोललेला संकल्प मात्र सहजासहजी मोडवत नाही.

हेच तत्त्व पुढे अनेक संस्थांनी अंगीकारले. अमेरिकेत १९३५ साली दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या दोन माणसांनी परस्परांना आधार देण्यास आरंभ केला आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ जगभर पसरली. जन्मभराची शपथ न घेता केवळ आजचा दिवस निभावून न्यावा, अशी तिची शिकवण आहे. पुण्यात अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला अपराधी न मानता आजारी माणूस मानले जाते आणि त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले जाते. त्याही पूर्वी गाडगे महाराजांनी गावोगाव हिंडून हेच कार्य केले. दिवसा हाती झाडू घेऊन ते गाव स्वच्छ करीत आणि रात्री कीर्तनात साध्या प्रश्नोत्तरांतून लोकांना दारू, कर्ज आणि पशुहत्या यांपासून परावृत्त करीत. साऱ्या गावासमक्ष विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या गावानेच द्यावयाचे असे, म्हणून ते मनात ठसत असे.

कोणी म्हणेल, की ज्याची इच्छाशक्ती प्रबळ आहे, त्याला या युक्त्यांची गरज काय? एका क्षणात विडी फेकून देऊन पुन्हा तिला न शिवणारी माणसे आहेत, यात संशय नाही. त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण त्यांच्या उदाहरणावरून इतरांना दुबळे ठरविणे हा अन्याय होईल. तंबाखूतील निकोटीन शरीराला आपल्या अधीन करून ठेवते. ते सोडताना चिडचिड, बेचैनी, निद्रानाश असा त्रास होतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा कसला? २०१८ पासून तंबाखूच्या पुडीवरच ती सोडण्यासाठी मदत देणारा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. अंगात ताप असताना मनोधैर्याची कसोटी म्हणून कोणी औषध नाकारीत नाही. विहिरीत उतरणारा मनुष्य कितीही बळकट असला, तरी दोर घेऊनच उतरतो. दोर हे दुर्बलतेचे लक्षण नसून विचाराचे लक्षण आहे.

शाळेतील वयाला या बाबतीत एक मोठा लाभ आहे. या वयातील सवयी अद्याप कोवळ्या असतात. ज्या रोपाला हाताने उपटता येते, त्याचे झाड झाल्यावर कुऱ्हाड शोधावी लागते. आज नखे खाणे, खोटी सबब सांगणे, अभ्यास टाळणे यांपैकी एकच खोड निवडून तिची वेळ ओळखावी, तिचे निमित्त दूर करावे, तिच्या जागी दुसरे काही ठेवावे आणि घरातील एका माणसाला ते सांगून टाकावे. एवढे ज्याने एकदा केले, त्याच्या हाती पुढील आयुष्यातील मोठ्या सवयींना तोंड देण्याची विद्या आली, असे समजावे.

खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हण सांगते. पण बदलण्याचे सामर्थ्य असते ते जिवंत माणसालाच. ती म्हण खरी ठरवावयाची की खोटी, हे ज्याच्या त्याच्या हाती आहे; आणि त्याचा निकाल एखाद्या पाडव्याला लागत नसून, रोजच्या साध्या दुपारी लागत असतो.